चौकशीसाहेबांचं मौन

चौकशीसाहेब दहा दिवसांच्या मौनाला जाणार, ही बातमी त्यांनी स्वतःच गल्लीत ज्याला त्याला सांगितली. ज्यांना एकदा ऐकून समजली नाही, त्यांना दोनदा सांगितली. इस्त्रीवाला 'बरं बरं' म्हणून सुटू पाहत होता, तर त्याला वाणीचं मौन वेगळं आणि मनाचं मौन वेगळं हे उभ्या उभ्या समजावलं. तेवढ्यात त्याच्या हातून एका शर्टाची कॉलर करपली. शर्ट चौकशीसाहेबांचाच होता, म्हणून बरं.

नाव त्यांचं काहीतरी होतं, पण ते पगारपत्रकापुरतं. बसस्थानकातल्या चौकशीच्या खिडकीत सव्वीस वर्षं बसल्यावर डोक्यावरची पाटीच माणसाला चिकटते. काम म्हणाल तर चोख. कुणी विचारलं, "साडेदहाची गाडी गेली का?" की साहेब हो-नाही असं तोडून टाकत नसत. साडेदहाची गाडी पूर्वी सव्वादहाला सुटायची, ती साडेदहाची का झाली, कुठल्या अधिकाऱ्याने केली, त्या अधिकाऱ्याचं पुढे काय झालं, असं सगळं मुळापासून सांगत. सांगून होईपर्यंत गाडी गेलेली असे. मग "गेली" असं उत्तर देता येई, आणि ते बरोबरही असे.

हे असलं ज्ञान घरी कुणी घेईना, हे त्यांचं दुःख. घरात माणसं दोन, बायको आणि लेक. लेक एका मोठ्या विमा कार्यालयात कायम नोकरीला. 'कायम' हा शब्द साहेब असा उच्चारत, की ऐकणाऱ्याला आपली नोकरी तात्पुरती वाटू लागे. खिडकीवर येणाऱ्या प्रवाशांना गाडीची वेळ कळो न कळो, लेक कायम आहे हे कळल्याशिवाय कुणी परत जात नसे.

तर या लेकीला तीन महिने बापाशी काहीतरी बोलायचं होतं. ती "बाबा, मला जरा—" एवढं म्हणायची, की साहेब पुढचं वाक्य पूर्ण करत. "बढतीचं ना? मला वाटलंच होतं." मग बढती या विषयावर जेवण होईपर्यंत. एकदा तिच्या बाहीला लाकडाचा भुसा लागलेला दिसला. साहेब म्हणाले, "ऑफिसात फर्निचरचं काम काढलेलं दिसतंय," आणि तिथून कार्यालयीन खुर्च्या पूर्वी कशा मजबूत असत इथपर्यंत गेले. भुसा दुसऱ्या दिवशीही होता. तिसऱ्याही. काम मोठं काढलं असणार, असं साहेबांनी स्वतःला सांगितलं.

शेवटी एका संध्याकाळी लेकीने हातातला चमचा ताटात टाकला.

"बाबा, तुम्ही एकदा दहा दिवस गप्प बसून दाखवा. एक शब्दसुद्धा न बोलता. मग सांगते मला काय सांगायचंय ते."

"दहा काय, वीस बसतो!"

"दहाच बसा," बायको म्हणाली. "आकडा वाढवू नका. तिला बोलायचंय हो तुमच्याशी. तीन महिने पोरीला तुमच्या बोलण्यात फट सापडत नाहीये."

एवढं बोलून ती आत गेली आणि आश्रमाचं माहितीपत्रक घेऊन आली. इतक्या झटपट आली, की ते बरेच दिवस गादीखाली तयार असावं असा संशय कुणालाही आला असता. साहेबांना आला नाही. ते अपमान गिळण्यात गुंतले होते.

सल्ल्यांना काय तोटा! खालच्या मजल्यावरचे स्टेनोकाका जन्मभर दुसऱ्याचं बोलणं टिपून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "तोंडात लवंग धरा. बोलावंसं वाटलं की चावा." वरच्या नर्सबाई म्हणाल्या, "तिसऱ्या दिवशी जबडा दुखेल हो तुमचा. वापर थांबला की सांधे धरतात." आणि दोघांनीही सांगितलं, की आधी घरी सराव करा, एकदम दहा दिवस झेपायचे नाहीत.

म्हणून रविवारी सकाळी तासभर सराव ठेवला. बायको आणि लेक बाहेर गेलेल्या. साहेब लवंग धरून बसले आणि दहाव्या मिनिटाला दारात दोन हमाल एक अजस्र कपाट घेऊन उभे. "साहेब, नर्सबाईंचं घर हेच ना?" साहेब गप्प. "हेच का?" साहेबांनी लवंग चावली. हमालांनी एकमेकांकडे बघितलं, कपाट आत आणून ठेवलं आणि निघून गेले. साहेबांनी तास पूर्ण केला, हे महत्त्वाचं. कपाट वरच्या मजल्यावर न्यायला मात्र दोन दिवस, चार माणसं आणि जिन्याचा एक कठडा लागला. नर्सबाईंनी त्यानंतर सल्ला देणं बंद केलं.

खरी परीक्षा होती रजेची. साहेबांनी अर्जात प्रामाणिकपणे 'मौनासाठी' असं कारण लिहिलं. अर्ज शेरा मारून परत आला: 'मौन हे कारण रजा-नियमांत आढळत नाही. वाचा गेली असल्यास वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे.' साहेब डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी जीभ बघितली, घसा बघितला, पाऊण तास साहेबांचं ऐकलं आणि म्हणाले, "अहो, कुठल्या तोंडाने देऊ प्रमाणपत्र?" पुन्हा अर्ज, पुन्हा शेरा. शेवटी 'वैयक्तिक कारण' या सदरात बसवून मंजुरी मिळाली, ती खात्यातल्या लोकांमुळे. तिकीट खिडकीपासून वर्कशॉपपर्यंत एकूणएक माणसाने, कुणी न सांगता, त्या अर्जावर शिफारशीची सही केली होती. साहेबांचे डोळे भरून आले. आपल्यावर लोकांचा एवढा जीव आहे हे त्यांना माहीतच नव्हतं.

आश्रम गावाबाहेर एका टेकाडावर होता. झाडं, शांतता, स्वच्छ अंगण, सगळं पत्रकात होतं तसंच. पत्रकात नव्हते ते व्यवस्थापक. अंगाने किडकिडीत, चालणं तुरुतुरु, हातात कायम यादी लावलेली पाटी. साधकांनी फोन, पेन, घड्याळ एका पिशवीत जमा केलं. मग स्वामीजी शांतपणे म्हणाले, "आजपासून वाणी बंद. खुणा बंद. लिहिणं बंद. दृष्टी स्वतःच्या पावलांवर ठेवा. आपल्यात काय चाललंय ते ऐका." हे कुणालाही आवडावं असं होतं. मग व्यवस्थापक उठले आणि म्हणाले, "जो बोलेल त्याच्या प्रवेशपत्रावर 'मौनभंग' असा शिक्का बसेल." आणि शिक्का सगळ्यांना दाखवला. साहेबांनी मनात ठरवलं, काय वाटेल ते होवो, कोरं प्रवेशपत्र लेकीच्या हातात ठेवायचं.

आता गोम अशी, की स्वामीजी सोडले तर सबंध आश्रमात बोलायची मुभा एकट्या व्यवस्थापकांना. आणि त्यांची काम करायची एक पद्धत होती. ते प्रश्न विचारत, डोळ्याची पापणी लवेपर्यंत थांबत, आणि "हरकत नाही ना? मौनं संमतिलक्षणम्!" असं म्हणून यादीवर खूण करत. दुसऱ्या कुठल्याही संस्थेत हा माणूस दोन दिवस टिकला नसता. इथे त्याचं राज्य होतं.

"खोली पंपाशेजारची देतोय. हरकत नाही ना?" खूण. "बरोबरचे गृहस्थ जरा घोरतात. हरकत नाही ना?" खूण. गृहस्थ दुपारच्या विश्रांतीत घोरत, ध्यानात घोरत, एकदा तर चालता चालता घोरले. घोरणं हे वाणीत मोडत नाही असा तिथला निर्वाळा होता. "भांडी घासायला तुम्हाला घेतो." खूण. पातेली अशी, की साहेब आत बसून घासत. जेवायला रोज भोपळ्याची भाजी. व्यवस्थापक पळी घेऊन समोर उभे राहत. "आणखी वाढू? हरकत नाही ना?" आणि पळी रिकामी. साहेबांना भोपळा लहानपणापासून चालत नाही. पहिल्याच जेवणात तो त्यांनी चार वेळा घेतला.

तिसऱ्या दिवशी जबडा दुखला. नर्सबाईंचं एवढं एक खरं झालं.

ध्यानाला बसलं की न बोललेले शब्द डोळ्यांपुढे रांग लावत, अगदी सुट्टीच्या दिवशी खिडकीपुढे लागते तशी. पुढचा हलेना, मागचे ढकलतायत. पण चौथ्या दिवशी रांग थोडी कमी झाली. साहेबांना पक्ष्याचा आवाज ऐकू आला. पक्षी हा प्राणी बोलतो, आणि मध्ये थांबतो, हे त्यांच्या प्रथमच लक्षात आलं. तो कशासाठी थांबतो यावर ते विचार करणार, एवढ्यात शेजारचा पंप बंद पडला आणि व्यवस्थापक तुरुतुरु आले.

"तुम्हीच ना ते नळकामवाले साधक? येणार असं पत्र होतं. म्हणून तर पंपाशेजारची खोली दिली. तुम्हीच ना?"

साहेबांनी डोळे मोठे केले. मग डोळ्यांनी बोलणंही मौनात बसत नाही हे आठवून ते बारीक केले.

"मौनं संमतिलक्षणम्!" म्हणत व्यवस्थापकांनी त्यांच्या हातात पाना दिला.

पंप या वस्तूशी साहेबांचा संबंध त्याचा आवाज ऐकण्यापुरता. ते पंपापुढे पाना धरून उभे राहिले. काहीतरी केलं पाहिजे म्हणून खाली वाकले, पाना निसटला, पंपावर आदळला, आणि त्याच क्षणी वीज आली. पंप सुरू झाला! व्यवस्थापकांनी हात जोडले. वीज गेली होती हे त्यांना सांगणार कोण? सव्वीस वर्षं सगळं मुळापासून सांगणाऱ्या माणसाला "अहो, वीज गेली होती" हे चार शब्द बोलता येईनात. तेव्हापासून आश्रमात काही अडलं, नडलं, गळलं, की पाना यायचा. पाचव्या दिवशी मोरी तुंबली. सहाव्या दिवशी खिडकी निखळली. साहेबांनी जे जे हातात घेतलं ते ते आणखी बिघडलं, पण 'मोठी माणसं मुळापर्यंत जातात' असं म्हणून व्यवस्थापक कौतुकच करत राहिले.

सातव्या दिवशी सकाळी पाण्याची टाकी धुवायची निघाली. टाकी चार खांबांवर, दीड मजला उंच. व्यवस्थापकांनी लाकडी शिडी लावली आणि हातात ब्रश दिला. "उंचीची भीती नाही ना? हरकत नाही ना?" भीती होती, आणि चांगली मोठी होती. साहेब थरथरत वर पोहोचले. शेवटचं पाऊल टाकीवर टेकलं आणि खालून कडकड आवाज झाला. शिडीच्या तीन पायऱ्या मोडून खाली पडल्या, पाठोपाठ शिडीही आडवी झाली. व्यवस्थापक तोवर यादी घेऊन दुसरीकडे गेले होते.

साहेबांना वाटलं, कुणीतरी बघेलच. आणि चाळीस साधक बाहेर आलेही. सकाळच्या ध्यानचालीची वेळ झाली होती. चाळीसच्या चाळीस जण, दृष्टी स्वतःच्या पावलांवर, टाकीला प्रदक्षिणा घातल्यासारखे चालत राहिले. एकानेही मान वर केली नाही. साहेबांनी ब्रश खाली टाकला. तो एका साधकाच्या पुढ्यात पडला. तो क्षणभर थांबला, ही आपल्या एकाग्रतेची परीक्षा आहे असं समजला, आणि ब्रशला वळसा घालून पुढे गेला. मागच्या सगळ्यांनी तसाच वळसा घातला.

नुसतं "शिडी!" म्हणायचं. दोन अक्षरं. साहेबांनी तोंड उघडलं, आणि त्यांना तो शिक्का दिसला. त्याच्या मागे लेकीचा चेहरा दिसला, 'वाटलंच होतं मला' असा. त्यांनी तोंड मिटलं. टाकीच्या झाकणावर बसून राहिले. तास झाला असेल, जास्तच. ऊन वाढलं. या वयात आपण एका टाकीवर कावळ्यासारखे बसलो आहोत आणि खात्यातल्या लोकांनी यासाठी सह्या केल्या, या विचाराने त्यांना रडू यायचं बाकी राहिलं.

मग व्यवस्थापकांचा आवाज आला. "ते बघा तुमचे वडील. नियमात बसत नाही हे, पण तुम्ही म्हणालात तुम्हाला फक्त बोलायचंय, उत्तर नको. मग आमच्या नियमाला बाधा नाही."

बरोबर लेक उभी होती. खांद्याला जाड कापडाची पिशवी, बाहीला भुसा.

"बाबा? तुम्ही वर काय करताय?"

साहेबांनी नुसतं खाली बघितलं. तिचं लक्ष आडव्या शिडीकडे गेलं. ती उकिडवी बसली, लाकडावरून बोटं फिरवली, मोडलेली पायरी उचलून नाकाशी नेली.

"उभे दांडे सागाचे आहेत, चांगले आहेत," ती व्यवस्थापकांना म्हणाली. "पायऱ्या खोक्याच्या फळीच्या कुणी बसवल्या? माणूस चढवता यावर?"

व्यवस्थापकांनी यादी पाठीमागे लपवली. आयुष्यात बहुधा प्रथमच.

"त्या तिथल्या फळ्या घेते मी. हरकत नाही ना?"

व्यवस्थापकांनी सवयीने मान हलवली. त्यांचंच वाक्य होतं ते.

लेकीने पिशवीतून करवत काढली, पटाशी काढली, हातोडा काढला. साहेब वरून बघत राहिले. विमा कार्यालयात हातोडा लागतो का, या प्रश्नाचं उत्तर सवयीने त्यांच्या मनात तयार होऊ लागलं, पण पूर्ण झालं नाही. तिने फळीवर पेन्सिलीने रेघ ओढली, गुडघ्याखाली फळी दाबली आणि करवत चालवायला लागली. हात एका लयीत. आणि मान वर न करता ती बोलायला लागली.

"बाबा, मी नोकरी सोडली. तीन महिने झाले. रोज डबा घेऊन निघते ती सुतारकामाच्या कारखान्यात जाते. मालकीणबाई शिकवतात मला. आता पगारही देतात, पण ते जाऊ दे. मला तिथे बरं वाटतं. ऑफिसात मला दर सोमवारी पोटात दुखायचं, बाबा, दोन वर्षं. आईला माहीत आहे. राजीनामा मागे घ्यायची मुदत उद्या संपते, म्हणून दहा दिवस थांबता आलं नाही."

पहिली फळी तुटून पडली. तिने दुसरी घेतली.

"तुम्ही नाही म्हणाला असतात तर भांडले असते मी. पण तुम्ही कधी विचारलंच नाहीत. हा भुसा तुम्हाला दिसला ना? दिसला, आणि उत्तर तुम्हीच दिलंत. जन्मभर चौकशीच्या खिडकीत बसलात बाबा, माझी चौकशी कधी केलीत का?"

टाकीवर बसल्या बसल्या साहेबांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. कायम नोकरी! निवृत्तिवेतन! खिडकीवर लोकांना काय तोंड दाखवायचं! सात दिवस साठलेली सगळी रांग एकदम पुढे सरकली. मुद्दे आपोआप पडले, एकाखाली एक, आणि प्रत्येकाला पोटमुद्दे. "हे बघ, पहिली गोष्ट म्हणजे" इथवर वाक्य दातांपर्यंत आलं. त्यांनी श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

तो श्वास खाली ऐकू गेला असावा. लेकीची करवत थांबली. तिने खांदे जरा वर घेतले, मान आत घेतली आणि तशीच वाट बघत राहिली. साहेबांनी ते खांदे ओळखले. खिडकीपलीकडे त्यांनी बोलायला सुरुवात केली, की प्रत्येक प्रवासी असाच उभा राहायचा. सामान खाली ठेवून, खांदे वर घेऊन, हे संपेल कधी म्हणून. सव्वीस वर्षं ते खांदे रोज समोर होते. लेकीचेही असेच होतात, हे त्यांना आज दीड मजल्यावरून दिसलं.

त्यांनी तोंड मिटलं. या वेळी शिक्का आठवला नव्हता.

करवत पुन्हा सुरू झाली. तिने दांड्यात खाचा घेतल्या, पायऱ्या ठोकून बसवल्या, प्रत्येकीवर स्वतः उभी राहून बघितली. मग शिडी टाकीला लावली आणि खालून दोन्ही हातांनी धरली.

"या आता. पण बाबा, हरकत असेल तर आत्ताच सांगा. मौन मोडलं तरी चालेल, मी त्यांना शिक्का मारू देणार नाही. तुम्ही नको म्हणालात तर उद्या जाऊन राजीनामा मागे घेते. खरंच घेते. फक्त एका वाक्यात सांगा."

चालणारे साधक कधी थांबले होते कुणास ठाऊक. चाळीस माना वर होत्या. स्वामीजीही ओसरीत येऊन उभे होते.

साहेब वळले. टाकीच्या कडेला धरून त्यांनी एक पाय खाली सोडला, नव्या पायरीवर टेकवला आणि हलकेच दाबून बघितला. मग दुसरा पाय सोडला आणि अंगाचा सगळा भार त्या पायरीवर टाकला. पायरी करकरलीसुद्धा नाही. ते एकेक पायरी उतरत खाली आले.

"मौनं संमति—" व्यवस्थापक यादी सरसावत म्हणाले.

"तुम्ही जरा गप्प बसता का?" लेक म्हणाली. तिचे डोळे वाहत होते.

दहाव्या दिवशी मौन सुटलं. चाळीस जण एकदम बोलायला लागले. घोरणारे गृहस्थ तर सांगत सुटले, की खरे नळकामवाले तेच होते, पण कुणी विचारलंच नाही. साहेबांनी कोरं प्रवेशपत्र खिशात घातलं, स्वामीजींना नमस्कार केला आणि घरी आले.

जिन्यात सगळी मंडळी जमलेली. दहा दिवसांचं साठलेलं आता एकदम येणार, या तयारीने. स्टेनोकाकांनी कानातलं यंत्र आधीच काढून खिशात ठेवलं होतं. साहेब सगळ्यांना "बरं आहे ना?" म्हणाले आणि आत गेले. मंडळींनी थोडा वेळ वाट बघितली, मग जरा नाराज होऊनच पांगली.

संध्याकाळी लेक घरी आली. चपला काढल्या, बाही झटकली. भुसा फरशीवर पडला. साहेबांनी तो बघितला.

"आज काय केलंस?" त्यांनी विचारलं.

सवयीने ती थांबली. उत्तर तेच देतील म्हणून. साहेबांनी दिलं नाही. चहाचा कप हातात धरून ते तिच्याकडे बघत बसले.

"खुर्ची," ती जपून म्हणाली. "म्हणजे, खुर्चीचा मागचा पाय." पुन्हा थांबली. साहेब गप्पच. मग ती समोर बसली. "त्याचं काय आहे बाबा, मागचा पाय हा पुढच्या पायासारखा नसतो. पूर्वी तो कसा करायचे, तिथपासून सांगायला पाहिजे..."

आणि तिने तिथपासून सांगितलं. लाकूड कुठून येतं, कसं वाळवतात, मालकीणबाईंच्या गुरूंचं आणि त्यांच्या भावाचं का बिनसलं, सगळं मुळापासून. दिवे लागले, चहा निवला. बायको दोनदा दारात येऊन "जेवायचंय का कुणाला?" असं विचारून गेली, तिसऱ्यांदा कपाळावर हात मारून गेली. बापाची लेक, दुसरं काय! साहेबांनी मध्ये दोन वेळा तोंड उघडलं. दोन्ही वेळा त्यात बिस्कीट घातलं आणि म्हणाले, "मग?"